मोकाशी काकांचा बॉयलर

या हिवाळ्यात पुन्हा घराचं पाणी काढावं लागलं. बेडरूममधला एक व्हॉल्व्ह गळत होता. शनिवारची सकाळ, बाहेर शून्याखाली तापमान, मुलांचे क्लासेस, आणि मी तळघरात बॉयलरपुढे पाट टाकून बसलेली. मंदार, म्हणजे माझा नवरा, वर प्रत्येक खोलीत जाऊन नळ्यांची तोंडं उघडत होता आणि दर मिनिटाला ओरडून विचारत होता, "झालं का?" होतंय कसलं डोंबल! न्यू जर्सीत, आमच्या पार्सिपनीतल्या जुन्या घरांमध्ये गरम हवा नाही, गरम पाणी फिरतं. खाली बॉयलर, आणि त्यातून निघालेल्या तांब्याच्या नळ्या भिंतीच्या कडेकडेनं घरभर. कुठे एक थेंब गळायला लागला की बॉयलर बंद करा, सगळ्या घरातलं ते काळं, घाण वासाचं पाणी काढा, दुरुस्ती करा, पाणी परत भरा, आणि मग नळ्यांत अडकलेली हवा एकेका खोलीत जाऊन सोडत बसा. दोन नोकऱ्या, दोन मुलं, आणि वर हे. कंटाळा येतो हो. खरंच कंटाळा येतो.

पण करता येतं, ते मोकाशी काकांमुळे. काका आता आमच्या गल्लीत नाहीत. तरी त्या दिवशी पाइप जोडताना मला सारखं वाटत होतं की मागून ते खेकसणार, "अगं, तो पाना आहे, लाटणं नाही!"

आमची ओळखही खेकसण्यातूनच झाली. आम्ही हे घर घेतलं त्याच्या पहिल्याच थंडीत हॉलमधला व्हॉल्व्ह ठिबकायला लागला. मंदारनं फोनवर एक व्हिडिओ बघितला आणि मोठा पाना घेऊन सज्ज झाला. गॅरेजचं दार उघडं होतं. रस्त्यानं एक उंच, वाळकेसे गृहस्थ फिरायला चालले होते. डोक्याला माकडटोपी, अंगात कधीकाळी निळा असलेला कोट. ते थांबले, आम्ही मराठीत भांडतोय हे त्यांनी ऐकलं असणार, आणि सरळ आत आले.

"बॉयलर बंद केलास का?" त्यांनी मंदारला विचारलं.

"करतोच आता काका."

"म्हणजे केला नाहीस. ठेव तो पाना खाली. उकळतं पाणी आहे त्यात. चेहऱ्यावर आलं तर बायको ओळखायची नाही तुला."

नाव नाही, गाव नाही, आधी हजेरी घेतली. मग कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "मी मोकाशी. चार घरं सोडून राहतो. आधी बंद, मग थंड, मग उघड. पाठ करा दोघंही."

आम्ही दोघं इंजिनिअर. दोघांनी शाळेतल्या मुलांसारखं म्हणून दाखवलं.

काका स्वतः केमिकल कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी मुंबईहून आले, नोकरी केली, रिटायर झाले. नम्रपणा हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. आपल्याइतकं हीटिंग साऱ्या न्यू जर्सीत कुणाला कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती आणि ती ते लपवत नसत. प्लंबर म्हणजे त्यांच्या मते घर खराब करायला ठेवलेला माणूस. कुणाच्या घरासमोर प्लंबरची व्हॅन दिसली की काकांचं तोंड कडू व्हायचं. "गेलं. आणखी एक घर गेलं," असं म्हणायचे, जणू त्या घरात कुणी वारलंय.

त्यांच्या तळघरात जाणं हा एक सोहळाच असायचा. प्रत्येक व्हॉल्व्हला पांढऱ्या चिकटपट्टीवर मराठीत लिहिलेली चिठ्ठी. "हा हळू." "हा डावीकडे, जोर करू नये." "याला हात लावाल तर याद राखा." आमच्या घरातही त्यांनी तशाच चिठ्ठ्या लावल्या. एकदा ते भारतात गेले असताना आम्हाला प्लंबर बोलवावाच लागला. तो बिचारा टॉर्च घेऊन किती वेळ त्या पट्ट्या बघत राहिला आणि शेवटी मला म्हणाला, "मॅम, इज धिस अ वॉर्निंग?" मी म्हटलं, हो.

काम चालू असताना काका चहा घेत नसत. "पाणी आल्यावर चहा," हा नियम. मग पाणी यायला दुपार होवो की संध्याकाळ. बाकी मंडळी खुशाल वर चहा-पोहे खायची, काका खाली बादलीवर बसून राहायचे. कामाचे पैसे विचारले तर असे बघायचे की पुन्हा विचारायची हिंमत व्हायची नाही. सल्ला मात्र न मागता आणि अखंड मिळायचा. कशाला खोटं बोलू, कधीकधी मी त्यांना लांबून बघून गाडी दुसऱ्या रस्त्यानं घातलेली आहे. दिवसभर मीटिंगा करून जीव मेटाकुटीला आल्यावर बॉयलरच्या प्रेशरवर व्याख्यान ऐकायची ताकद नसते माणसात.

काकू अगदी उलट. बुटक्या, गोऱ्या, हळू बोलणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या. मी पण नागपूरची म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. त्या कायम लपेटलेल्या असायच्या. साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, पायांत दोन-दोन मोजे. काका घरातलं तापमान कमी ठेवायचे. "घर म्हणजे भट्टी नव्हे," म्हणायचे. "थंडी वाजली तर स्वेटर घाल." काकू हसायच्या आणि शाल नीट करायच्या. आम्हीही हसायचो. सगळ्या मराठी घरांत हे असतंच, त्यात विशेष काय!

काकूंची एक गोष्ट तर आमच्या मंडळात सगळ्यांना माहीत होती. घरातलं पाणी बंद करायचं म्हटलं की काका आदल्या दिवशी बजावून ठेवायचे, आणि काकू घरातलं यच्चयावत भांडं भरून ठेवायच्या. कुकर, पातेली, डबे, आमटीचे वाडगेसुद्धा. "अगं, दोन तास पाणी जाणार आहे, दुष्काळ नाही पडणार," काका कातावायचे. काकू म्हणायच्या, "तुमचे दोन तास मला माहीत आहेत."

आणि पाणी गेलं की त्या स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवायच्या. का, तर पाणी आलं की आवाज येतो. नागपुरात पाण्याची वेळ सांभाळलेल्या बाईचा हात आहे तो, अमेरिकेत आला म्हणून बदलतो थोडाच? एकदा काकांनी खालचं काम संपवलं, मुख्य व्हॉल्व्ह उघडला, आणि खुशीत येऊन म्हणाले, "चल, आज एडिसनला जेवू." दोघं तळघराच्या दारानंच बाहेर पडून गाडीत बसले. वर नळ उघडा, सिंकमध्ये उपडा पडलेला आमटीचा वाडगा, भोक बंद. तिथल्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर थाळी जेवून, भाजी घेऊन दोघं आरामात परत आले, तर पाणी जिन्यावरून खाली उतरून बॉयलरच्या पायाशी तळं करून बसलेलं!

मला वाटलं आता काका घर डोक्यावर घेणार. पण नाही. मी पोछा घेऊन धावले तेव्हा ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते आणि काकू पायरीवर बसून रडत होत्या. "रडतेस काय," काका म्हणाले. "नागपूरला पाणी आलं, असं समज." काकूंना रडता रडता हसू आलं. दुसऱ्या दिवशी नळावर चिठ्ठी लागली, "मी उघडा आहे का, बघा." बायकोला टाकून बोलल्याचं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. जगाला घालूनपाडून बोलणारा माणूस, पण तिच्यापुढे त्याचा आवाज खाली यायचा. माझ्या मनात काकांबद्दल जे काही आहे ते त्या दिवसापासून आहे.

पण शरीर थकत चाललं होतं. तळघराचा जिना चढताना काका मध्ये थांबायला लागले, आणि आपण थांबलोय हे कळू नये म्हणून भिंतीवरची नळी ठोकून बघायचे. एका थंडीत ते तिथेच पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण काकूंच्या तोंडून ते अमितला कळलं. अमित त्यांचा एकुलता मुलगा, टेक्ससमध्ये प्लेनोला मोठ्या कंपनीत आहे. मोठं घर, तळमजल्यावर आईवडिलांसाठी ठेवलेली खोली, वर्षभर ऊन. तो बरीच वर्षं बोलावत होता. काका म्हणायचे, "तुझ्या घरात मी करू काय? ना बॉयलर, ना नळ्या. भिंतीत हवा घुमते नुसती."

पुढच्या हिवाळ्यात अमितनं सांगून टाकलं की तो जानेवारीत एका शनिवारी येणार, घर बघणार, आणि दोघं एकटे राहू शकतील असं त्याला वाटलं नाही तर घर विकायचं. काका हे मला रस्त्यात उभं राहून सांगत होते. वारा झोंबत होता, मला घरात जायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून पाय निघेना.

"माझी परीक्षा घ्यायला येतोय," ते म्हणाले. "येऊ दे. कोपरा न् कोपरा गरम करून दाखवतो त्याला. हे घर तिच्यासाठी घेतलंय मी. तिची तुळस आहे, तिच्या मैत्रिणी आहेत इथे. तिला कुठे नेऊन टाकू मी या वयात?"

घर राहणार की जाणार, ते त्या शनिवारवर होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या बेडरूममधला व्हॉल्व्ह गळायला लागला. काकांनी खाली पातेलं लावलं. पण अमितनं ते पातेलं बघितलं असतं तर परीक्षा तिथेच संपली असती. म्हणून शुक्रवारी सकाळी काकांनी बॉयलर बंद केला, थंड होऊ दिला, आणि एकट्यानं सगळं पाणी काढलं. जुना व्हॉल्व्ह फिरवायला गेले तर त्याच्याबरोबर गंजलेला जोडच तुटून हातात आला.

मंदारला फोन आला. तो घरून काम करत होता, तसाच उठला आणि जोड आणायला दुकानात गेला. बाहेर बर्फ पडत होतं. मीही घरूनच काम करत होते, लंच ब्रेकमध्ये त्यांच्याकडे डोकावले. घरात शिरल्याबरोबर तोंडातून वाफ यायला लागली. काकू स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडून त्यासमोर खुर्चीवर बसल्या होत्या. कोट, शाल, माकडटोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. ओठ निळसर दिसत होते. मी घाबरलेच.

"काकू, चला आमच्याकडे. आत्ता चला."

त्यांनी तळघराच्या दाराकडे बघितलं. खालून काकांचा आवाज आला, "कुणी कुठे जायचं नाही! तासाभरात होतंय! आज ती शेजारी जाऊन बसली तर उद्या अमितला काय सांगू?"

 काकूंनी पिशवी टेबलावर ठेवली, कोटाच्या खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर अमितला लावला.

"अमित, बाळा, उद्या ये आणि आम्हाला घेऊन जा. घर वगैरे काही बघायला नको. मला आता नाही होत."

आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. दिवसभराचं काम आटोपलेल्या बाईसारखं बोलल्या त्या. फोन ठेवला तेव्हा काका जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. हात कोपरापर्यंत काळे.

"काय सांगितलंस त्याला?"

"ऐकलंत की."

"अगं, मी हे सगळं कुणासाठी करतोय?"

"माझ्यासाठी. मला माहीत आहे हो. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही."

"काय बोलली नाहीस?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. परक्या बाईपुढे बोलावं की नाही असा विचार केला असेल. मी निघायला पाहिजे होतं, पण त्यांनी माझी बाही धरून ठेवली होती.

"मला थंडी वाजते," त्या म्हणाल्या. "या घरात आले तेव्हापासून वाजते."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं सुरुवातीला. तुम्ही म्हणालात, स्वेटर घाल. मी घातला."

 काका वळले आणि जिना उतरून खाली गेले. मला वाटलं आता पाने आपटल्याचा आवाज येईल. काहीच आवाज आला नाही.

मी काकूंना घरी घेऊन आले. मऊ भात, तूप, मेतकूट दिलं. त्या जेवल्या आणि हॉलमधल्या सोफ्यावर जरा टेकते म्हणून आडव्या झाल्या. मी एक मीटिंग संपवून येते तर गाढ झोप. आमचं घर चांगलं उबदार असतं, त्यावरून मी काकांची बोलणीही खाल्लेली आहेत. झोपेतच केव्हातरी त्यांनी टोपी काढली होती, शाल बाजूला सारली होती, आणि मोजे पायानंच ढकलून दिले होते. मी त्यांचे उघडे पाय त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

चारच्या सुमाराला काका आणि मंदार आले. काकांनी हात स्वच्छ धुतले होते, केस ओले करून विंचरले होते.

"चालू झालं," त्यांनी दारातच सांगितलं. "एक थेंब नाही गळत. सगळ्या खोल्यांतली हवा काढली. वरची बेडरूमसुद्धा तापलीय. बघ म्हणावं आता अमितला. उठव तिला, घरी जाऊ."

"झोपल्या आहेत काका. अगदी गाढ."

ते सोफ्यापाशी आले.  मग वाकले, गुडघ्यावर हात टेकत कसेबसे वाकले, आणि काकूंच्या पावलावर आपला हात ठेवला. तसाच ठेवून राहिले.

"गरम आहेत," ते म्हणाले. मंदारला म्हणाले की मला, कळलं नाही. "हिचे पाय बर्फासारखे असतात. लग्न झाल्यापासून नाही, इथे आल्यापासून. मला वाटायचं, हिचे पायच तसे."

मी चहा आणला. त्यांनी कप घेतला आणि हातात धरून ठेवला. चहावर साय धरली तरी प्यायले नाहीत. मला रडू यायला लागलं म्हणून मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी अमित आला. मी दुपारी जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा तो घरभर फिरून झाला होता. उंच, अगदी काकांच्या बांध्याचा, केस पिकायला लागलेला माणूस. त्यानं प्रत्येक खोलीत हात लावून बघितलं होतं, तळघरात जाऊन आला होता. आईच्या फोनमुळे तो रात्रभर झोपला नसावा. आणि इथे येऊन बघतो तर घर गरम, कुठे पाण्याचा टिपूस नाही, आई टेबलाशी बसून मटार सोलतेय.

"बाबा, आय मस्ट से, एव्हरीथिंग इज पर्फेक्ट," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "बॉयलर इज रनिंग ग्रेट. मला वाटलं होतं की खूप बॅड कंडिशन असेल. ओके. वन मोअर इयर, आपण नेक्स्ट विंटरला परत बघू. आई, काल तू जस्ट अपसेट होतीस, राइट?"

काका जिंकले होते. पण त्यांनी अमितकडे बघितलं नाही. ते काकूंकडे बघत होते. काकूंनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, काकांकडे एकदा बघितलं आणि शाल खांद्यावर ओढून घेतली.

"हो रे," त्या म्हणाल्या. "काल जरा वैतागले होते मी. आता बरंय."

"ग्रेट," अमित म्हणाला.

"नाही," काका म्हणाले.

अमितला कळेना. "नाही म्हणजे? बाबा, यू वन. सगळं चालतंय."

"घर काढ विकायला. उन्हाळ्याची वाट बघू नकोस, लगेच काढ."

"बट व्हाय? बॉयलर तर..."

"बॉयलर उत्तम चालतोय," काका म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे करून काकूंच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढल्या. "तुझ्या आईला थंडी वाजते."